रिसबूड डॉक्टर आणि दुखण्याचे आणे

मी दवाखान्यात रुजू झाले त्या सकाळी रिसबूड डॉक्टरांनी रावेतच्या एका शेतकऱ्याला विचारलं, "किती आणे?" आणि त्याच्या बायकोने लगेच पदराची गाठ सोडायला घेतली.

बैलाने पाय दिल्यामुळे त्या माणसाचा अंगठा वांग्यासारखा सुजला होता.

"बाई, पैसे राहू द्या," डॉक्टर म्हणाले. "मी दुखणं विचारतोय. याहून जास्त दुखूच शकत नाही, असं दुखणं म्हणजे रुपया. तर यांचं किती आणे दुखतंय?"

शेतकऱ्याने छताकडे बघत बराच विचार केला. "बारा आणे असंल."

"बारा न्हाई," बायको म्हणाली. "रातच्याला पंधरा व्हतं. मला डोळ्याला डोळा लागू दिला न्हाई."

डॉक्टर माझ्याकडे वळले. "लिहा सिस्टर. सध्या बारा, रात्री पंधरा. साक्षीदार, पत्नी."

मिरजेला नर्सिंग शिकताना मी नाडी, ताप, श्वास, सगळं लिहायला शिकले होते. दुखणं लिहायचं असतं हे कुणी सांगितलं नव्हतं. मला वाटलं, डॉक्टर माझी फिरकी घेतायत. तो संशय पुढे अनेक वर्षं अधूनमधून येत राहिला आणि बहुतेक वेळा खराही ठरला. आण्यांच्या बाबतीत मात्र ते अगदी गंभीर होते. मलम लावून, पाय उशीवर ठेवून झाल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं. सहा आणे झाले होते. "म्हणजे निम्मं उतरलं," ते खूश होऊन म्हणाले, "आता आपण काहीतरी केलं असं म्हणायला हरकत नाही."

चिंचवड तेव्हा गावच होतं. पिंपरीकडे कारखान्यांच्या भिंती उठत होत्या, कोकणातून आणि घाटावरून माणसं कामाला येत होती. आमच्या दवाखान्यात मोजक्या खाटा आणि एक लांबलचक ओटा होता. रिसबूड डॉक्टर चणीने लहान, चष्मा जाड, आणि पांढऱ्या कोटाचे खिसे कायम फुगलेले. त्या खिशांत कागदाचे कपटे असत. वाचताना काही आवडलं की ते कपट्यावर उतरवत, कपटा खिशात टाकत आणि मग धोब्याकडून परत आलेल्या कोटात त्याचा लगदा शोधत बसत.

वाचन हे त्यांचं व्यसन होतं, आणि त्यातही एकाच विषयाचं. दुखणं. ते म्हणत, "रोग बरा करायला सगळे शिकवतात. रोग बरा होईपर्यंत माणसाने काय करायचं, ते कुणी शिकवत नाही." विलायतेची वैद्यकीय मासिकं ते वर्गणी भरून मागवत. ती बोटीने यायची आणि हाती पडेपर्यंत कित्येक महिने जुनी झालेली असायची. "शिळं आहे, पण पौष्टिक आहे," असं म्हणत ते पाकीट फोडायचे. जे मासिक परवडत नसे त्यासाठी पुण्याच्या मेडिकल लायब्ररीत जायचे. तिथला ग्रंथपाल कडक होता, जुने अंक बाहेर काढायला कुरकुर करायचा. डॉक्टरांनी त्याच्या आखडलेल्या मानेवर व्यायाम शिकवला आणि मुद्दाम अर्धाच शिकवला. उरलेला पुढच्या भेटीत. त्या मानेच्या जोरावर डॉक्टरांनी कपाटंच्या कपाटं वाचून काढली.

दर रविवारी सकाळी आसपासचे डॉक्टर आमच्या ओट्यावर जमायचे. एकाने एखादा लेख वाचून यायचं आणि बाकीच्यांना सांगायचा. डॉक्टरांचा नियम असा, की सांगायचं मराठीत, आणि आमचा कंपाउंडर सावंत व मी, आम्हा दोघांना कळेल असं. आम्हाला कळलं नाही, तर सांगणाऱ्यालाच कळलेलं नाही असं धरायचं. बिचारे मोठमोठे डॉक्टर सावंतांच्या चेहऱ्याकडे बघत घाम पुसायचे, कारण सावंत मूळचे मालवणकडचे आणि त्यांचा चेहरा काहीही कळलं तरी तसाच असायचा.

लेख सांगून झाला की रिसबूड डॉक्टर भज्यांची बशी आपल्याकडे ओढून घेत आणि विचारत, "औषध दिलं ते ठीक. न दिलेल्यांचं काय झालं?" ते कळलं की, "आणि बरं वाटतंय हे ज्याने मोजलं, त्याला आधीच ठाऊक होतं का, कुणाला काय दिलंय ते?" समाधानकारक उत्तर मिळाल्याशिवाय बशी परत फिरत नसे.

औषध कंपन्यांचे विक्रेते त्यांना वचकून असत. एकदा एक नवीन पोरगेला विक्रेता वेदनाशामक गोळीचं गुळगुळीत पत्रक घेऊन आला. त्यावर एक लाल रेघ ऐटीत वर चढलेली. डॉक्टरांनी पत्रक घेतलं, उलटं धरलं आणि चिंतेने म्हणाले, "अरेरे. तुमच्या गोळीने आराम कमी कमी होत जातो की."

"सर, आपण उलटं धरलंय."

"हो का? पण रेघ कशाची आहे हे कुठेच लिहिलेलं नाही, तर मला सुलटं कसं कळावं?"

विक्रेत्याने पत्रकाकडे पाहिलं. खरंच लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरांनी त्याला चहा पाजला आणि कंपनीकडून मूळ लेख मागवून घ्यायला सांगितलं. आश्चर्य म्हणजे त्याने तो आणला. लेख बरा निघाला, आणि ती गोळी आमच्याकडे पुढे बरीच वर्षं वापरात होती.

रविवारच्या मंडळीत चाकणचे शितोळे डॉक्टर हे एकच न वाचणारे. धिप्पाड, मोठ्या आवाजाचे, हाताला यश असलेले. बाजाराच्या दिवशी चाकणला कांद्याच्या गाड्यांइतकीच त्यांच्या दारात माणसांची गर्दी. ते येत ते भज्यांसाठी, असं स्वतःच सांगत. रिसबूड डॉक्टरांना ते 'कागदी डॉक्टर' म्हणत. "अहो रिसबूड, आमचा पेशंट मासिकाची वाट बघत थांबत नसतो. तुमची बोट येईस्तोवर तो बरा तरी होतो, नाहीतर जातो तरी."

पण एकदा त्यांनीच डॉक्टरांना नेमकं पकडलं. आमच्याकडे सांधेदुखीसाठी एक गुलाबी मिक्स्चर होतं. डॉक्टरांनी स्वतः बसवलेलं, आणि त्याचा त्यांना फार अभिमान. तळवड्यापासून माणसं बाटल्या घेऊन यायची. एका रविवारी शितोळ्यांनी भजं तोंडात टाकत सहज विचारलं, "तुमच्या त्या गुलाबीचं काय? न दिलेल्यांचं काय झालं?"

डॉक्टरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. मग म्हणाले, "बरोबर आहे. मोजायला पाहिजे."

त्यांनी सावंतांना दोन प्रकारच्या बाटल्या बनवायला लावल्या. एकीत मिक्स्चर, दुसरीत नुसतं रंगवलेलं कडू पाणी. दिसायला, चवीला सारख्या. कुठली कुणाला दिली हे फक्त सावंतांना ठाऊक. आणे विचारायचं काम माझं. लपवाछपवी मात्र डॉक्टरांना नको होती. प्रत्येक रोग्याला ते समोर बसवून सांगत, "दोनांपैकी एका बाटलीत औषध आहे, एकीत नाही. तुमच्या वाट्याला कुठली आली ते मलाही माहीत नाही. चालेल का?"

त्यातून गोंधळच गोंधळ झाला. "डाक्टरलाच ठावं न्हाई," एक म्हातारबा बाहेर जाऊन सगळ्यांना सांगत होते, "लई शिकून शिकून बिघाडलं बगा." काही जण परत गेले. बरेचसे थांबले, कारण दवाखान्यात काहीतरी गंमत चालली आहे आणि आपण तीत आहोत, याचं त्यांना अप्रूप वाटत होतं. नवे पैसे त्याच सुमारास चालू झाले होते, त्यामुळे मला आणखी एक ताप. "दुखणं नव्या पैशात सांगू का जुन्या?" असं एकीने अगदी मनापासून विचारलं होतं.

शेवटी हिशोब मांडला. दोन्ही बाटल्यांनी सारखाच आराम पडला होता. उलट कडू पाणी कणभर सरसच होतं.

डॉक्टर त्या दिवशी जेवायला घरी गेले नाहीत. मी दुपारी खोलीत डोकावले तर गुलाबी बाटली समोर ठेवून बसले होते, आजारी नातेवाइकाजवळ बसावं तसे. मला वाटलं, रविवारची सभा आता रद्द होणार. पण रविवारी त्यांनीच तो लेख म्हणून सांगितला, सुरुवातीपासून, आकड्यांसकट, आणि शेवटी शितोळ्यांपुढे स्वतःच्या हाताने बशी सरकवली. शितोळे भजं घ्यायचं विसरले.

मिक्स्चर बंद झालं आणि लोक बिथरले. तळवड्याच्या गंगूबाई काठी टेकत आल्या आणि बाकावर ठाण मांडून बसल्या.

"गंगूबाई, त्यात काही नव्हतं हो," डॉक्टर म्हणाले. "रंगाचं पाणी आणि माझं औषध, दोन्ही सारखंच."

"आसंना का. मला तेच द्या."

"अहो, पण उपयोग नाही त्याचा."

"तुमाला काय ठावं? गुडगं माजं हायेत."

डॉक्टरांनी बाईंना मिक्स्चर दिलं नाही, पण गरम वाळूचा शेक कसा घ्यायचा ते शिकवलं आणि दर आठवड्याला येऊन आणे सांगून जायला सांगितलं. बाई येत राहिल्या. आणे उतरत गेले. एकदा डॉक्टर मला म्हणाले, "शेकाने उतरलं, की कुणीतरी दर आठवड्याला विचारतं म्हणून उतरलं? हे मोजायला माझ्याजवळ तिसरी बाटली नाही."

या सगळ्यात हसण्यासारखं खूप होतं. पण धोंडीबाच्या वेळी आमचं हसू पळालं.

धोंडीबा जवळच्याच माण गावचा. कडब्याच्या गंजीवरून घसरला आणि खाली ठेवलेल्या नांगरावर कुशीने आपटला. फासळ्या मोडल्या. बैलगाडीत घालून आणला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. श्वास घेतला की कळ यायची, म्हणून तो श्वास घेतच नव्हता. वरच्यावर कुत्र्यासारखा धापत होता. खोकायची तर छातीच होत नव्हती. कफ साचला, ताप चढला. पेनिसिलिन चालू केलं, पण आत साचलेलं बाहेर पडेना.

"मॉर्फिन देऊ या?" मी विचारलं.

"दुखणं थांबेल, पण त्याबरोबर श्वासही मंदावेल. याच्याकडे आधीच तो उरलेला नाही." डॉक्टर खिशातले कपटे भराभर उलगडत होते. "मी वाचलंय. फासळ्यांच्या शिरांशी बधिर करणारं औषध टोचतात. तेवढाच भाग बधिर होतो, माणूस खोकतो. किती औषध, सुई कुठून आणि किती खोल, सगळं दिलेलं होतं. सुई जरा पुढे गेली तर फुप्फुसाला भोक पडेल, ते अंदाजाने करायचं काम नाही."

तो अंक मात्र कपाटात नव्हता. आम्ही तिघांनी सगळी कपाटं उपसली. सावंत मान खाली घालून उभे राहिले आणि मग त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्यांदाच काहीतरी उमटलं. "तो अंक शितोळे डॉक्टरांच्या पिशवीत जाताना मी बघितलंय," ते म्हणाले. "माका वाटला, भजी बांधून नेतत."

डॉक्टरांनी नाशिक रस्त्याने कांदा भरायला निघालेला एक रिकामा ट्रक थांबवला आणि ड्रायव्हरशेजारी चढून बसले. मी धोंडीबापाशी थांबले. त्याची बायको सखुबाई त्याच्या उशाशी बसून त्याच्या प्रत्येक श्वासाबरोबर स्वतःही खांदे उचलत होती. जणू तिच्या जोराने त्याला हवा मिळणार होती.

चाकणला काय झालं ते मला नंतर कळलं. शितोळ्यांनी आधी चक्क कानांवर हात ठेवले. अंक? कसला अंक? आपण आणि मासिक? तेवढ्यात रिसबूड डॉक्टरांची नजर त्यांच्या तपासायच्या टेबलाकडे गेली. अंक तिथे उघडाच होता, आणि पानावर पेन्सिलीच्या खुणा होत्या.

"शितोळे," डॉक्टर म्हणाले, "तुम्ही वाचता?"

शितोळे लाजेने लालबुंद झाले. चोरी पकडल्याबद्दल नव्हे, वाचन पकडल्याबद्दल. "कधीमधी," ते पुटपुटले. मग आवाज आणखी खाली आणून म्हणाले, "हे फासळ्यांचं मी केलंय. दोघातिघांना टोचलं. गुण येतो."

"मग रविवारी बोलला का नाहीत?"

"तुम्ही मग विचारलं असतं, न टोचलेल्यांचं काय झालं."

परतीच्या ट्रकमध्ये कांद्याच्या पोत्यांपुढे दोघे डॉक्टर खेटून बसून आले. शितोळे खाली उतरले तेव्हा सगळा दवाखाना कांद्याने घमघमला. त्यांनी हात धुतले, धोंडीबाला कुशीवर वळवलं. रिसबूड डॉक्टर त्याच्यासमोर उकिडवे बसले.

"धोंडीबा, हे मी कधी केलेलं नाही. यांनी थोड्यांना केलंय. धोका आहे. न करण्यातही आहे, आणि तो मला मोठा वाटतो. करू का?"

धोंडीबाच्या तोंडून शब्द फुटत नव्हता. सखुबाईने विचारलं, "वाचलंय का नीट?"

"दोघांनी वाचलंय."

"मंग करा."

रिसबूड डॉक्टर अंक हातात घेऊन मोठ्याने वाचत होते, तिथल्या तिथे मराठी करून, आणि शितोळे एकेका फासळीच्या खालच्या कडेशी बोट ठेवत सुई घालत होते. "आता हाडाला लागेल. लागलं? मग सुई जराशी खाली सरकवा." "सरकवली." "आधी मागे ओढून बघा, हवा किंवा रक्त येतंय का." "नाही." "मग थोडं सोडा." दोघांच्याही आवाजात थट्टेचा मागमूस नव्हता. मध्येच धोंडीबा धापत म्हणाला, "येक वाचतोय... आन् येक टोचतोय," आणि त्याला हसू येऊ घातलं ते कळेने अडवलं.

मग आम्ही वाट बघत बसलो. धोंडीबाने एक श्वास घेतला. मग त्याहून मोठा एक. त्याच्या चेहऱ्यावर नवल उमटलं. डॉक्टर म्हणाले, "आता खोक." त्याने घाबरत घाबरत एकदा, आणि मग छाती भरून, पोटापासून, असा खोकला काढला की खाट हलली.

इतका सुंदर खोकला मी आयुष्यात ऐकलेला नाही. सखुबाई रडायला लागली. शितोळे भिंतीला टेकून खाली बसले. सावंतांनी न सांगता सगळ्यांना चहा आणला. ते टोचणं पुढे काही दिवस पुन्हा पुन्हा करावं लागलं, शितोळे त्यासाठी चाकणहून येत राहिले. कफ सुटला, ताप उतरला, आणि धोंडीबा बैलगाडीत बसून माणला गेला. रविवारी शितोळ्यांनी हा सगळा प्रकार मंडळींना सांगितला. ते मासिक वाचतात हे तेव्हा सगळ्यांना कळलं, आणि त्याचं त्यांना बरेच दिवस वाईट वाटत होतं.

पुढे माझं लग्न ठरलं आणि नोकरी सोडून मी नाशिकला जायला निघाले. त्याच सुमारास रिसबूड डॉक्टरांना पित्ताशयाच्या खड्यांसाठी पुण्याच्या एका इस्पितळात शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली. मी निरोप घ्यायला गेले. जिन्यावरच मला त्यांचा आवाज ऐकू आला. ते विव्हळत होते, आणि असे की सगळा मजला दणाणत होता. आत गेले तर खाटेच्या पायथ्याशी एक तरुण डॉक्टर अवघडून उभा होता.

"सर, इंजेक्शनला अजून वेळ आहे. आणि आपण स्वतः डॉक्टर आहात. थोडं सोसायला हवं."

"का म्हणून?" रिसबूड डॉक्टरांनी विव्हळणं थांबवून विचारलं, आणि लगेच पुन्हा सुरू केलं.

शेवटी तो बिचारा वरिष्ठांना विचारून आला आणि सिरिंज भरून खाटेशी वाकला. डॉक्टरांचा आवाज एकदम बंद झाला. त्यांनी हात मागे घेतला.

"मला नको. आधी त्याला द्या."

शेजारच्या खाटेवर एक गिरणी कामगार होता. त्याचीही शस्त्रक्रिया नुकतीच झालेली. चादरीचा बोळा दातांत धरून तो भिंतीकडे तोंड करून पडला होता, आणि त्याचं सगळं अंग घामाने निथळत होतं.

"सकाळपासून तसाच आहे," रिसबूड डॉक्टर म्हणाले. "त्याला ओरडायचा संकोच वाटतो. मला वाटत नाही. म्हटलं, त्याच्या वाटचं मी ओरडतो."

तरुण डॉक्टर त्या खाटेकडे गेला. त्याने कामगाराच्या कपाळाला हात लावला, त्याचे कागद पाहिले, आणि मग त्याच्या चेहऱ्यावरून एक सावली सरकून गेली. त्याने इंजेक्शन दिलं. आम्ही बघत राहिलो. हळूहळू त्या माणसाच्या दातांतली चादर सुटली. मूठ उघडली. त्याला झोप लागली.

"जा आता," डॉक्टर मला म्हणाले. "गाडी चुकेल. नवरा वाचणारा आहे का?"

"थोडाफार."

"सवय लावा."

मी पाया पडले आणि निघाले. दारातून सहज वळून पाहिलं. रिसबूड डॉक्टर डोळे मिटून, ओठ घट्ट दाबून पडले होते. त्यांची बोटं खाटेच्या लोखंडी पट्टीवर आवळलेली होती, आणि तोंडातून जरासाही आवाज येत नव्हता. तरुण डॉक्टरही तिकडेच बघत होता. कुणी न सांगता तो वळला आणि उकळलेल्या पाण्यातून दुसरी सिरिंज चिमट्याने बाहेर काढू लागला.